दिव्याच्या अवसेची कहाणी : आळ आणि साक्ष

आषाढ वद्य अमावास्या महाराष्ट्रात 'दिव्याची अवस' म्हणून पाळली जाते. या दिवशी घरातील समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, भोवती रांगोळी घालतात, गंधफुलांनी त्यांची पूजा करतात आणि कणकेचे गोड दिवे उकडून त्यांचा नैवेद्य दाखवितात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. या पूजेच्या वेळी सांगावयाची एक स्वतंत्र कहाणी परंपरेने चालत आली आहे. व्रतकथांच्या अभ्यासात ती बहुधा 'अमुक व्रत केले, तमुक फळ मिळाले' या ठरीव साच्यातच बसविली जाते. परंतु कहाणीची रचना बारकाईने पाहिली असता हा साचा तिला पुरा पडत नाही, असे दिसून येते. तिचा खरा विषय ऐश्वर्यप्राप्ती नसून आळ व साक्ष हा आहे.

कथानक थोडक्यात असे : राजाच्या सुनेने घरातील एक पदार्थ चोरून खाल्ला आणि त्याचा आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड घ्यावयाचे ठरविले. घरी पाहुणा उतरला असता त्यांनी रात्री सुनेची चोळी त्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सकाळी बोभाटा झाला. सासू व दीर यांनी तिची निंदा करून तिला घराबाहेर काढले. ही सून रोज घरचे दिवे स्वतः घाशी, वाती लावी आणि अवसेला त्यांना उत्तम नैवेद्य दाखवी. ती गेल्यावर हे सारे बंद पडले. पुढे अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा एका झाडाखाली उतरला. त्या झाडावर गावातील सर्व दिवे अदृश्य रूपाने जमले होते आणि कोणाकडे कशी पूजा झाली हे एकमेकांना सांगत होते. राजवाड्यातील दिव्याने मात्र आपली दुर्दशा आणि तिचे कारण सांगितले. राजाने ते ऐकले, घरी येऊन चौकशी केली, सुनेला मेणा पाठवून परत आणले व तिच्या हाती सारी मुखत्यारी दिली.

या कथेतील पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे नायिका निर्दोष नाही. बहुसंख्य कहाण्यांत गांजलेली स्त्री आरंभापासून निरपराध असते. शुक्रवारच्या कहाणीतील गरीब बहिणीचा अपमान होतो तो केवळ तिच्या दारिद्र्यामुळे. येथे मात्र सून प्रथम खोटे बोलते आणि तिच्यावर येणारे संकट तिच्याच खोटेपणाची प्रतिकृती असते. तिने न केलेल्या कृत्याचा दोष उंदरांना दिला. उंदरांनी तिने न केलेल्या कृत्याचा दोष तिच्यावर येईल अशी योजना केली. आळाला आळ, असा हा हिशेब आहे. परंतु दोन्ही आळ सारख्या वजनाचे नाहीत. उंदरांचा आळ घासाएवढा, तर सुनेवरचा आळ तिचे घर, नाव आणि आश्रय सारे एकदम हिरावून घेणारा. कहाणी या विषमतेवर भाष्य करीत नाही. ती फक्त घटना पुढे ठेवते. तथापि ज्या समाजात स्त्रीचे सारे स्थान तिच्या शीलाविषयीच्या लोकमतावर अवलंबून होते, त्या समाजातील श्रोत्या स्त्रियांना ही विषमता निराळी समजावून देण्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट पुराव्याची. चोळी अंथरुणात सापडली एवढ्यावरून घरच्यांनी जे ठरविले ते अनुमान होय. चोळी खरी, अंथरूण खरे, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा. प्रचलित छापील पाठात राजा घरी परतल्यावर पहिली चौकशी करतो ती अशी, की हा अपराध कोणी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला आहे काय. म्हणजे दिव्याचे बोलणे ऐकताच तो निवाडा देऊन मोकळा होत नाही, तर मूळ आरोपाचीच पारख करतो. अनुमानाच्या विरुद्ध प्रत्यक्षाची मागणी करणारा हा प्रश्न कहाणीचे मर्मस्थान आहे. सुनेला हाकलण्यापूर्वी तो कोणीच विचारला नव्हता, हे त्यातून आपोआप उघड होते.

साक्षीदार म्हणून दिवाच का, याचे उत्तर पूजाविधीच्या परिभाषेत सापडते. पूजाप्रयोगात दीपाला 'कर्मसाक्षी' असे संबोधिले जाते. कर्त्याचे कर्म पाहणारा तो दीप. शास्त्राने ज्याला विशेषण दिले त्याला कहाणीने वाणी दिली. रात्री घरात जे घडते ते पाहणारा, सर्व निजले असता जागा असणारा दिवाच असतो. म्हणून उंदरांचे कृत्य जाणण्याचा अधिकार त्याचा आहे. विशेष म्हणजे तो पक्षपाती साक्षीदार नाही. आपली सेवा करणाऱ्या सुनेची हकीकत सांगताना तिने पदार्थ खाल्ला आणि उंदरांवर आळ घातला, हेही तो लपवीत नाही. सेवेच्या मोबदल्यात दिवा तिला खोट्याचे कवच देत नाही. तो संपूर्ण सत्य सांगतो आणि संपूर्ण सत्यच तिला तारते. 'देव पावला' या शब्दप्रयोगाला येथे जो अर्थ येतो तो इतर कहाण्यांहून निराळा आहे.

झाडाखाली बसलेल्या मनुष्याने झाडावरील अमानुष प्राण्यांचे संभाषण ऐकणे हा कल्पनाबंध जगभरच्या लोककथांत आढळतो. स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंधसूचीत तो 'एन ४५१' या क्रमांकाखाली नोंदलेला आहे; 'दोन प्रवासी' या कथाप्रकारात त्याच्याच बळावर नायकाला रोगावरील उपाय किंवा गुप्त धन कळते. मराठी कहाणीने या सार्वत्रिक सामग्रीचा केलेला उपयोग विचारात घेण्यासारखा आहे. राजाला येथे ना धन कळते, ना औषध. त्याला कळते ते त्याच्याच घरात काय घडले ते. घरातले सत्य घरात कळू शकले नाही, त्यासाठी त्याला गावाबाहेरच्या झाडाखाली यावे लागले. उंबऱ्यावरील दिवा आत-बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, असे देहलीदीपन्याय सांगतो; या कहाणीतील दिवा आतले पाहून बाहेर सांगतो.

याच तिथीला कर्नाटकात भीमन अमावास्या पाळतात. तेथे समयांची जोडी शिवपार्वतीचे रूप मानून पुजिली जाते आणि पतीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना केली जाते. तेथील दीप देवतेचे प्रतीक आहे. मराठी कहाणीत दिव्यामागे दुसरी देवता उभी केलेली नाही. वसा सांगणाऱ्या नागकन्या-देवकन्याही येथे नाहीत. घरातील एक वस्तू, रोज हाताळली गेल्याने त्या हातांना ओळखणारी, हीच येथील देवता. फलश्रुतीही तशीच आहे : सुनेवरचा आळ जसा टळला तसा सांगणारीवरचा व ऐकणारीवरचाही टळावा, एवढेच मागणे तीत आहे. संपत्ती, संतती, सौभाग्य यांतील काहीच मागितलेले नाही. जिला स्वतःवर केव्हाही असा आळ येऊ शकतो याची जाणीव आहे, तिचेच हे मागणे असू शकते.

कहाणीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. उंदीर विचार करतात, दिवे बोलतात, राजा प्रश्न विचारतो; सून मात्र आपल्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. घराबाहेर पडल्यावर ती कोठे गेली, कशी राहिली, हे कथा सांगत नाही. मेणा येतो तेव्हाच ती पुन्हा दिसते. तिचा न्याय राजा नेमका त्या झाडाखाली उतरण्याच्या योगायोगावर अवलंबून राहतो. मात्र हे मौन निव्वळ रचनेतील उणीव मानता येत नाही. पूर्वी एकदा खोटे बोललेल्या सुनेचे खरे कोणी मानले असते काय, हा प्रश्न कथेच्या आरंभानेच निर्माण केला आहे. तिचा शब्द चालत नाही म्हणूनच दिव्याला बोलावे लागते.

सी. ए. किंकेड यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या इंग्रजी संग्रहात ही कथा समाविष्ट आहे. संग्रहाच्या नावावरून ती बालकथा ठरते. परंतु चोळी आणि पाहुण्याचे अंथरूण यांवर उभी असलेली कथा मुळात प्रौढ स्त्रियांनी प्रौढ स्त्रियांना सांगितलेली आहे. दिवे स्वच्छ ठेवावेत म्हणजे घरात लक्ष्मी नांदते, एवढा बोध ठेवून चोळीचा प्रसंग गाळला, तर गाळले जाते ते कथेचे कारणच. शहरी बोलीत ही अमावास्या 'गटारी' या थट्टेच्या नावाने अधिक ऐकू येते आणि त्याला उत्तर म्हणून दीपपूजेचे माहात्म्य सांगितले जाते. त्या माहात्म्यात पूजा असते, कहाणी क्वचितच असते. विजेच्या दिव्याखाली समई घासण्याला आज उपयुक्ततेचे कारण उरलेले नाही. तरीही अनुमानावरून माणसाला घराबाहेर काढण्याची रीत जोपर्यंत उरली आहे, तोपर्यंत कोणी डोळ्यांनी पाहिले काय, हा राजाचा प्रश्न त्या पूजेबरोबर सांगितला जाणे आवश्यक आहे. व्रतकथांच्या अभ्यासकाने फलश्रुतीबरोबरच अशा प्रश्नांचाही शोध घेतला, तर कहाणी-वाङ्मयाचे मोल अधिक नेमकेपणाने ठरविता येईल.