त्या रेघा पुसू नका

परवा एका मित्रानं फोनवर दीड मिनिटाची चित्रफीत पाठवली. चेक दिग्दर्शक कारेल झेमानच्या 1958 सालच्या ‘विनालेस स्काझी’मधला, म्हणजे ‘विनाशाचा शोध’मधला, पाणबुडीचा तुकडा होता तो. कुणीतरी यंत्राकडून त्यात रंग भरून घेतले होते, दोन चौकटींमध्ये नव्या चौकटी घुसवून हालचाल गुळगुळीत केली होती. पाणबुडीच्या अंगावरच्या बारीक रेघा गेल्या होत्या. यंत्रानं त्यांना ओरखडे समजून पुसून टाकलं असणार. मित्रानं सोबत लिहिलं होतं, ‘बघ, कसा नवाकोरा झालाय!’

त्या रेघा गेल्या की तो चित्रपटच उरत नाही. चित्रपट ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेला आहे. हा व्हर्न आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या मराठीतून आला. झेमानला व्हर्नइतकीच भुरळ पाडली होती ती जुन्या फ्रेंच आवृत्त्यांतल्या रियू आणि बेनेट यांच्या कोरीव चित्रांनी. ती चित्रंच त्यानं पडद्यावर चालती केली. भिंती, यंत्रं, कपडे, सगळ्यांवर छापातल्यासारख्या रेघा ओढल्या. हाडामांसाचा नट त्या रेघांमध्ये उभा राहतो, खऱ्या लाटांवर चितारलेलं जहाज तरंगतं, पाणबुडे समुद्राच्या तळाशी सायकली मारतात. हे सगळं हातानं केलेलं आहे, हे झेमान क्षणभरही लपवत नाही. आपल्याला ते दिसतं आणि दिसत असूनही आपण त्या बोटीत बसतो. ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते या धिटाईला होतं असं मी मानतो.

म्हणूनच ‘संगणक नव्हता तरी केवढं केलं!’ ही दाद ऐकली की माझा संताप होतो. यात झेमान एखाद्या अर्धवट पुलासारखा उभा केला जातो, जणू तो बिचारा संगणकाची वाट पाहत होता. 1949 च्या ‘इन्स्पिरात्से’त त्यानं काचेच्या बाहुल्या हलवल्या. काच वाकत नाही, म्हणूनच त्याला ती हवी होती. अडचण हाच त्याचा कच्चा माल होता. टेरी गिलियम आणि टिम बर्टन या दिग्दर्शकांनी त्याचं कौतुक केलं हे वारंवार सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण झेमानला शिफारसपत्रांची गरज नाही.

आता त्याच्या वारशाचं काय चाललंय ते पाहू. प्रागमध्ये चार्ल्स पुलाजवळ 2012 पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. ते उभं करण्यामागे त्याची मुलगी लुडमिला आहे. प्रमुख चित्रपटांचं डिजिटल पुनरुज्जीवन झालं, आणि 2020 मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं तीन चित्रपटांचा देखणा संच काढला. हे काम मोठं आहे. धूळ, चिरा, उडालेले रंग काढलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही.

वाद पुढच्या पायरीचा आहे. झेमानच्या एकेका दृश्यात तीन-चार गोष्टी वेगवेगळ्या चित्रित होऊन एकत्र येतात: नट, रंगवलेली काच, कागदी कातरण, समुद्र. त्या एकमेकींपासून केसभर थरथरतात. जुन्या प्रतीमुळे अख्खी चौकट हलत असेल तर ती जरूर स्थिर करावी. पण नट आणि मागचं चित्र यांच्यामधली थरथर हे मूळ कामाचं अंग आहे, तिथे चित्रीकरणाच्या वेळी काम करणारा हात उमटला आहे. आजचं सॉफ्टवेअर दोन्ही थरथरी एका झटक्यात मिटवू शकतं. झेमानच्याच ‘बारोन प्राशिल’ या चित्रपटात फ्रेंच चित्रकार दोरेच्या चित्रांच्या जगावर लाल धुराचे लोट पसरतात. तो रंग वास्तवातला नाही, ओतलेला आहे. त्याला ‘नैसर्गिक’ करायचा मोह उद्या कुणाला तरी होणारच. 1955 च्या ‘त्सेस्ता दो प्राव्येकु’त नदीतून आदिकाळाकडे निघालेली चार मुलं मेलेल्या स्टेगोसॉरसच्या अंगावर चढून त्याचं माप घेतात. ते डायनोसॉर झ्देन्येक बुरियानच्या चित्रांतून आलेले आहेत. विज्ञान पुढे गेलं म्हणून त्यांची जमिनीवर घासणारी शेपटी उचलायची का? असा हस्तक्षेप झालेलाही आहे. अमेरिकेत 1966 मध्ये याच चित्रपटाला नवी सुरुवात जोडली आणि ती मुलं न्यूयॉर्कची करून टाकली.

बाकीच्या प्रयत्नांपैकी स्मरणसोहळे आणि टपालाची तिकिटं यांवर मी शब्द खर्च करणार नाही. मला आशा वाटते ती एकाच गोष्टीची. तोमाश होदानच्या 2015 च्या माहितीपटात चित्रपट शिकणारे विद्यार्थी झेमानची तीन दृश्यं त्याच्याच पद्धतीनं पुन्हा उभी करतात. नट आणि चितारलेलं जग एका चौकटीत जुळवताना त्यांची दमछाक होते, आणि त्या दमछाकीत झेमान मला कुठल्याही झळाळत्या प्रतीपेक्षा जास्त जिवंत दिसतो. प्रागच्या संग्रहालयातही पोरं स्वतः त्याच्या युक्त्या करून पाहतात. घराण्याची गायकी ध्वनिमुद्रिकेत राहते, पण टिकते ती शिष्याच्या गळ्यात. तीच गोष्ट इथे आहे. प्रत जपणं म्हणजे ध्वनिमुद्रिका जपणं.

तेव्हा ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. आणखी एका झगझगीत आवृत्तीऐवजी ज्या झ्लीनमध्ये हे चित्रपट घडले तिथे एक कार्यशाळा चालवा. तिथे काच असू दे, रंग असू दे, चौकट-चौकट चालणारा कॅमेरा असू दे, आणि वर्षाला दहा मुलं असू देत. त्यांनी एक जहाज रेघारेघांनी काढावं, ते खऱ्या पाण्यावर तरंगवावं आणि ते का डळमळतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी शोधावं. मित्राला मी चित्रफितीचं उत्तर अजून दिलेलं नाही. मूळ प्रसंग पाठवणार आहे, रेघांसकट.