आयन-सापळ्याची पूर्वतयारी : वुल्फगांग पॉल यांच्या नोबेल व्याख्यानाचे अध्यापनदृष्ट्या परीक्षण

आयन-सापळा समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्राचे कोणते पूर्वज्ञान आवश्यक असते, याचे उत्तर वुल्फगांग पॉल यांच्या ८ डिसेंबर १९८९ च्या नोबेल व्याख्यानात मिळते. अध्यापनाच्या दृष्टीने या व्याख्यानाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही विचारात घेण्याजोग्या आहेत.

व्याख्यानाचा पाया लाप्लासच्या समीकरणावर उभा आहे. या समीकरणानुसार स्थिर विद्युतक्षेत्र कणाला दोन दिशांनी आत ओढत असेल, तर तिसऱ्या दिशेने ते त्याला बाहेर ढकलणारच. म्हणून पॉल क्षेत्राची दिशा सतत पालटतात आणि कणाची गती माथ्यूच्या विकलक समीकरणाने वर्णन करतात. माथ्यूंनी हे समीकरण १८६८ मध्ये लंबवर्तुळाकार पटलाच्या कंपनांसाठी मांडले होते. स्थिरविद्युतशास्त्र, आंदोलने आणि विकलक समीकरणे हे तिन्ही विषय पदवी वर्गात शिकवले जातात. मात्र वेगवेगळ्या कप्प्यांत. त्यांची सांगड घालणे हे या व्याख्यानाचे मोठे श्रेय होय.

फिरत्या खोगीराकार पृष्ठभागावर स्थिरावणारी पोलादी गोळी हे व्याख्यानातील सर्वाधिक लोकप्रिय प्रात्यक्षिक. परंतु येथेच सावधगिरी हवी. सापळ्यातील क्षेत्र फिरत नाही. ते जागच्या जागी आपले चिन्ह बदलते. खोगीरावर दोन अक्षांवरील गती एकमेकींत गुंततात, तर आदर्श सापळ्यात त्या परस्परस्वतंत्र असतात. शिवाय गुरुत्वबल व जडत्व दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने गोळीचे स्थैर्य तिच्या वस्तुमानावर मूलतः अवलंबून नसते. सापळ्यात मात्र प्रभार व वस्तुमान यांचे गुणोत्तरच निर्णायक ठरते. वस्तुमान-वर्णपटमापकाचे सारे कार्य त्यावरच चालते. केवळ गोळी पाहून समाधान मानणारा विद्यार्थी नेमके हेच गमावतो.

खरे आकलन एका सरासरीतून होते. क्षेत्र केंद्रापासून दूर जाताना वाढते. जलद आंदोलनात कण जेव्हा अधिक दूर असतो, तेव्हा बल आतल्या दिशेने असते. म्हणून सरासरी बल केंद्राकडे उरते. हा युक्तिवाद सरल आवर्त गती जाणणाऱ्या विद्यार्थ्याला फळ्यावर करून दाखवता येतो. त्याच्या जोडीला १९५९ मध्ये वुअर्कर व सहकाऱ्यांनी सुमारे ५० हर्ट्झ वारंवारतेने ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण सापळ्यात धरल्याचा, पॉल यांनीच नमूद केलेला प्रयोग सांगावा. तेथे वस्तुमान व प्रभार दोन्ही प्रत्यक्ष कार्यरत असतात.

सारांश, पॉल यांचे व्याख्यान हा पूर्वतयारीचा उत्तम आराखडा आहे; परंतु खोगीराचे प्रात्यक्षिक हे त्या अभ्यासाचे प्रवेशद्वार मानावे, निष्कर्ष नव्हे.