अवांतराची बाजू

(सावेडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव ‘अवांतर’ एवढंच छापलेलं आहे. त्यामुळे काहींना वाटलं असेल की विषय ठरवायचा राहूनच गेला. (हशा) तसं नाही. अवांतर हाच विषय आहे.

शाळेत ‘अवांतर वाचन’ ही कौतुकाची गोष्ट असते. मुलगा अवांतर वाचतो म्हटलं की घरचे खूष. हाच शब्द पुढे मराठी संस्थळांवर गेला. मायबोली १९९६ ची, मनोगत २००४ चं, मिसळपाव २००७ चं. तिथे त्याचा अर्थ झाला, विषय सोडून केलेली बडबड. कुणी कळवळून विचारतो की युनिकोड टंक नीट का दिसत नाही. तिसऱ्या उत्तरापर्यंत गाडी रुळावर असते. चौथा माणूस ‘अवांतर:’ लिहून एक ओळ टाकतो, आणि तिथून पुढचं सगळं मिसळीच्या तर्रीबद्दल. त्या काळी इंटरनेटवर मराठी लिहिणारा माणूस बहुधा संगणकावरच पोट असलेला असायचा. म्हणजे ही तंत्रज्ञ मंडळींची, कामाच्या मधल्या वेळातली चेष्टामस्करी होती. तिच्याकडे समीक्षेने आजवर ढुंकून पाहिलेलं नाही. आमचं म्हणणं असं, की हे वाङ्मय म्हणून वाचावं. आणि वाङ्मय म्हणून वाचायचं तर त्याचे दोषही दाखवावे लागतील.

आधी जरा घराजवळचं उदाहरण. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी धावली, हे इथे सांगायची गरज नाही. पण एसटी ही अक्षरं मराठी झाली केव्हा? लोकांनी तिला ‘यष्टी’ म्हटलं तेव्हा, ‘लाल डबा’ म्हटलं तेव्हा. हे शब्द कुठल्या समितीने दिले नाहीत. ते फलाटावर ताटकळलेल्या माणसांनी, वैतागात आणि प्रेमात, तयार केले. यंत्राची चेष्टा करता आली म्हणजे ते यंत्र भाषेत उतरलं, असं आम्ही समजतो. तीच कसोटी संगणकाला लावून बघू.

१९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागाच्या लोकांमध्ये एक कोडं चाललं होतं. लिफ्टचा दोर तुटला, आत एक पेटती मेणबत्ती आहे आणि जमिनीवर पाऱ्याचा थेंब आहे, तर काय होईल? एकाने थट्टेत सूचना लिहिली की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगही लागली होती. झालं! मागचं न वाचलेल्यांना ती सूचना खरी वाटली. मग हुशार मंडळी बसली, की यापुढे विनोदाला खूण काय करायची. एकाने ‘आणि’साठी वापरतात ते इंग्रजी चिन्ह सुचवलं, कारण ते पोट धरून हसणाऱ्या जाड्या माणसासारखं दिसतं. शेवटी १९ सप्टेंबरला स्कॉट फाल्मन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा पडलेला हसरा चेहरा सुचवला. आज आपण बोटाने जे पिवळे चेहरे पाठवतो, त्यांच्या घराण्याचा हा मूळ पुरुष.

आता तीच अडचण मराठी माणसाला आली. लिहिलेली थट्टा समोरच्याला लागते, आवाज ऐकू येत नाही, डोळा मारलेला दिसत नाही. काहींनी ‘ह. घ्या.’ लिहायला सुरुवात केली, म्हणजे हलके घ्या. सरळ शब्द आहे, पण त्यात गंमत नाही. मायबोलीवर मात्र ‘लाइट घ्या’चं ‘दिवे घ्या’ झालं. कुणाची खोड काढायची आणि पुढे दिवा ठेवायचा. वरवर हा शाब्दिक कोटीचा साधा प्रकार वाटतो, पण थोडं थांबून बघा. मराठीत दिवा एकटा येत नाही. ‘काय दिवे लावलेस!’ हे त्याच्या मागे उभंच असतं. म्हणजे जो शब्द रागावू नका म्हणतो, तोच हळूच चिमटाही काढतो. फाल्मन यांची खूण थट्टा निर्धोक करते. आमच्या दिव्याला मात्र वात आहे आणि चटकाही आहे. आम्हाला तरी हा जास्त वरच्या दर्जाचा विनोद वाटतो, आणि हे केवळ अभिमानाने म्हणत नाही.

असेच आणखी दोन-तीन. दुसऱ्याच्या मताला दुजोरा द्यायचा तर ‘मम’ लिहायचं. पूजेत गुरुजी सगळं म्हणतात, यजमानाला अर्थ कळो न कळो, तो पाण्यात बोट बुडवून ‘मम’ म्हणतो. आपण न वाचताच होकार देतो आहोत, याची कबुली त्या दोन अक्षरांत आहे. ‘रोमात असणे’ म्हणजे नुसतं वाचत राहणे, लिहिणे नाही. ‘रीड ओन्ली मोड’ची तीन इंग्रजी आद्याक्षरं घेतली, त्यांना मराठी सप्तमी जोडली, आणि माणूस घरात असावा तसा ‘रोमात’ जाऊन बसला. आणि ‘प्रकाटाआ’! प्रतिक्रिया काढून टाकली आहे. रागाच्या भरात लिहिलेलं पुसायचं, पण पुसल्याची पाटी ठेवून जायची. शासनाच्या परिभाषा कोशांनी मोठं काम केलं आहे, त्यांची टिंगल आम्ही करणार नाही. पण ‘प्रकाटाआ’ कोशात जन्माला येत नाही. तो शब्द यायला आधी कुणीतरी भांडावं लागतं.

इथवर कौतुक झालं. आता तक्रार.

इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकाच्या कागदांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. अत्यंत रुक्ष मजकूर. त्यात १ एप्रिल १९९० ला ११४९ क्रमांकाचा कागद आला. विषय, कबुतरांमार्फत माहितीची पाकिटं पाठवण्याचं मानक. मजकूर कागदाच्या गुंडाळीवर छापावा, ती कबुतराच्या पायाला चिकटपट्टीने बांधावी, वगैरे. भाषा अगदी इतर कागदांसारखी, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. पुढे २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावच्या लिनक्सप्रेमींनी ते खरंच करून पाहिलं. नऊ पाकिटं गेली, चार उत्तरं आली, आणि सगळ्यांत लवकर आलेल्या उत्तरालासुद्धा ५० मिनिटांहून जास्त वेळ लागला. १९९८ च्या १ एप्रिलला असाच चहाच्या किटलीचा नियम आला. ‘पान सापडत नाही’ याला ४०४ म्हणतात ना, तसा ४१८ म्हणजे ‘मी किटली आहे, कॉफी करणार नाही’. २०१७ मध्ये काही जाणकारांनी तो आकडा प्रणाल्यांतून काढा म्हटलं, तर एका शाळकरी मुलाने तो वाचवायला मोहीम काढली. २०२२ च्या अधिकृत कागदात ४१८ हा आकडा दुसऱ्या कशाला न देता राखून ठेवला आहे.

हा विनोद चांगला का? कारण तो कामाच्याच मातीचा आहे. पाकीट हरवणं, उत्तर उशिरा येणं हे रोजचं दुखणं त्यात कबुतराच्या पायाला बांधलं आहे. नवशिका ते वाचून हसला, तर हसता हसता त्याला जाळ्याचं कामकाजही थोडं कळतं.

आमचं अवांतर इथे कमी पडतं. ‘रोमात’सारखे अपवाद सोडले, तर मराठी तंत्रज्ञ कामाची थट्टा इंग्रजीत करतो आणि मराठीत मिसळ, पुणेरी पाट्या, सासू-सून यांच्यावर हसतो. दिवसाचे दहा तास ज्या गोष्टीशी झुंजतो, तिच्यावर मायबोलीत एक बरी कोटी करत नाही. का? कच्चा माल तर ढीगभर पडला आहे. इथल्या पाइपलाइन रोडचंच घ्या. समजा तिथला मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, रात्री घरी फोन करून म्हणतो, ‘आई, आज पाइपलाइन फुटली, जेवायला वेळच नाही मिळाला.’ त्याच्या कामात पाइपलाइन म्हणजे प्रोग्रॅम तपासून पुढे पाठवणारी साखळी. आई विचारणार, ‘मग टँकर मागवला का?’ (हशा) आता हसलात ना? ज्यांना ती साखळी ठाऊक नव्हती, त्यांनाही ती आता थोडी कळली.

दुसरा दोष जास्त गंभीर. संस्थळांवर त्याला ‘कंपूबाजी’ म्हणतात, शब्द अर्थात कंपूबाहेरच्यांनी काढलेला. अवांतर दोन जातींचं असतं. एक विषयातून फुटतं, दुसरं माणसांच्या ओळखीतून. पहिल्यावर हसायला विषय कळावा लागतो, आणि तो शिकता येतो. दुसऱ्यावर हसायला, मागच्या कट्ट्याला कोण काय बोललं हे माहीत असावं लागतं, आणि ते शिकता येत नाही. पाथर्डी-शेवगावकडून आलेला, मराठी माध्यमातला एखादा पोरगा धीर करून आयुष्यातला पहिला प्रश्न विचारतो आणि खाली चाळीस प्रतिक्रिया येतात. आनंदाने उघडतो, तर सगळी जुन्या मित्रांची आपसातली खेचाखेच. त्याच्या प्रश्नाला उत्तर नाहीच. तो पुन्हा रोमात जातो, आणि बरेचदा तिथूनच परत फिरतो. ‘आम्ही तर गंमत करत होतो’ हे म्हणणं खोटं नसतं. पण त्याच्यासाठी तो बंद दरवाजा होता. अशा वेळी संपादकांनी गप्पा उचलून वेगळ्या पानावर नेल्या, तर अरसिकपणाचा शिक्का त्यांच्यावर मारू नये.

फक्त नेताना एक बघावं. मायबोलीवर गप्पांची ‘वाहती पानं’ असतात. नवं येतं तसं जुनं पुसलं जातं. नाव सुंदर आहे, सोयही समजते, शिवाय खासगीपणाही राहतो. पण त्या पाण्यात काय काय गेलं असेल! तमाशात गण-गौळण झाली की वगाआधी बतावणी असते. सोंगाड्या कथानक सोडून गावच्या पाटलापासून रेशनच्या साखरेपर्यंत बोलून घेतो. वगांच्या वह्या काही ना काही राहिल्या. बतावणी त्या त्या रात्री तिथल्या तिथे जुळवलेली, म्हणून बहुतेक हवेत गेली. उलट १९८२ ची ती लिफ्टची थट्टा वीस वर्षांनी, २००२ साली, जुन्या साठवणीच्या फितींवरून शोधून काढली गेली. मूळ ओळी, तारीख, वेळ, सगळं. म्हणून आज त्यावर बोलता येतं. ‘दिवे घ्या’ पहिल्यांदा कुणी, कुणाला, कशावरून म्हटलं? ते भांडण नेमकं काय होतं? जुन्या सभासदांपैकी कुणी आज इथे बसलं असेल, तर प्रश्नोत्तरांच्या आधी त्यांनीच दोन मिनिटं बोलावं. माइक मागे पाठवतो.