गुळाच्या पाण्यात बुरशी वाढते का?

दादर-परळच्या गच्च्यांवर आणि गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत कुंड्या जोपासणाऱ्यांना ‘अमृतजल’ आता नवे नाही. १० लिटर पाणी, १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ; तीन दिवस ढवळायचे आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून कुंडीत घालायचे. शेतावरचे जीवामृत आणि परदेशी ‘कंपोस्ट टी’ ही त्याचीच भावंडे. झाडांना त्याचा उपयोग होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. मात्र या बादलीत मातीतली उपयुक्त बुरशी भराभर वाढते, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते आम्हांला पटत नाही.

बुरशीचा तंतू टोकाकडून लांबतो, फांद्या फोडतो. पालापाचोळ्याचा, लाकडाचा आधार त्याला मानवतो. जिवाणूंना यातले काही लागत नाही. गूळ मिळाला की त्यांच्या काही जाती अर्ध्या तासात दुप्पट होतात. तंतूंना त्याच कामाला कित्येक तास लागतात, शिवाय जोरात ढवळण्याने ते तुटतात. तोवर गूळ संपलेला असतो!

द्रवात बुरशी वाढतच नाही, असे मात्र नव्हे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलियम बुरशी मोठ्या टाक्यांत, हवा देऊन वाढवली गेली. पण त्या टाक्या निर्जंतुक केलेल्या. स्पर्धेला जिवाणू नाहीत. शेणाच्या बादलीत नेमके उलटे असते. मुळांशी सहजीवन करणारी आर्बस्क्युलर मायकोरायझा तर जिवंत मुळावाचून वाढतच नाही.

मग सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात ते कुठले? बहुधा शेणातून किंवा खतातून धुऊन आलेले. तिसऱ्या दिवशीचा थेंब दाखवतात, पहिल्या तासाचा कोणी दाखवत नाही. वर धरणारी पांढरी साय पुष्कळदा यीस्ट आणि जिवाणूंची असते. यीस्टही बुरशीच, पण दावा तिच्याविषयी नसतो.

शाळेत हे तपासता येईल. शेण न घेता पुरते कुजलेले पानांचे खत घ्यावे, एका बाटलीत गूळ घालावा, दुसरीत नाही. दोन्हींतील थेंब सुरुवातीला आणि रोज ४०० पट मोठे करून पाहावेत, तंतू मोजावेत. हात साबणाने धुवावेत. गुळासारख्या पूरक अन्नाने अशा अर्कात ई. कोलाय आणि साल्मोनेलाही वाढू शकतात, हे अमेरिकी कृषिखात्याच्या संशोधकांनी २००७ साली दाखवले आहे. म्हणून हे पाणी कोथिंबीर-पालकावर शिंपडू नये.