दान्तेच्या काव्यातील तीन नाणी

दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'विषयी आपल्या धर्मग्रामांतून बोलणे निघाले, की ते बहुधा नरकातील ज्वाळांपाशीच थांबते. पैशाविषयी दान्ते काय सांगतो असे विचारावे, तर 'त्याने सावकारांना तापल्या वाळूवर बसविले' एवढेच उत्तर मिळते. उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. सावकार सातव्या वर्तुळात आहेत. त्यांच्याहून खोल, आठव्याच्या अगदी तळाशी, खोटी नाणी पाडणारा पडलेला आहे. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. चलने आणि युद्धे यांच्या बातम्यांनी गोंधळलेल्या वाचकाने दान्तेकडे जावे ते याच वाटेने.

फ्लॉरेन्स नगरीने १२५२ मध्ये सोन्याचा फ्लोरिन पाडला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने २४ कॅरट. एका बाजूस लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूस बाप्तिस्मा करणारा संत योहान. युरोपभरच्या पेठांत या नाण्याची पत होती. रोमेनाच्या सरदारांच्या सांगण्यावरून आदामो नावाच्या कारागिराने त्यात ३ कॅरट हीण मिसळले आणि १२८१ मध्ये त्याला जाळून मारण्यात आले. दान्तेला तो भेटतो तेव्हा जलोदराने त्याचे पोट फुगले आहे आणि जीभ पाण्याच्या थेंबासाठी तळमळते आहे. वरून भरलेले, आतून हिणकस: नाण्याचा दोष कवीने त्याच्या देहावरच उतरविला आहे. कासेन्तिनोच्या टेकड्यांवरून आर्नो नदीकडे धावणारे ओहळ त्याला एकसारखे डोळ्यांपुढे दिसतात. तरीही पाण्याहून त्याला एक गोष्ट अधिक हवी आहे. ज्यांनी हे काम करविले, ते सरदार येथेच दुःख भोगताना त्याला पाहावयाचे आहेत. शंभर वर्षांत एक इंच सरकता आले असते, तरी आपण त्यांच्या शोधात केव्हाच निघालो असतो, असे तो म्हणतो. नरकात दया करू नये असे कितीही म्हटले, तरी येथे आमचे मन द्रवते. हात भाजले कारागिराचे. हुकूम दुसऱ्याचा होता.

हुकूम देणाऱ्यांचा हिशेब दान्ते विसरलेला नाही. तो मांडण्यासाठी मात्र तो आपल्याला स्वर्गात, गुरूच्या गोलात नेतो. 'पारादिसो'च्या एकोणिसाव्या सर्गात न्यायी राजांच्या आत्म्यांचा मिळून एक गरुड होतो आणि तो ख्रिस्ती राजांचे अपराध वाचून दाखवितो. त्यांत फ्रान्सचा चौथा फिलिप आहे. इंग्लंड आणि फ्लँडर्सशी चाललेल्या युद्धांचा खर्च भागविण्यासाठी त्याने १२९५ पासून नाण्यांतील चांदी कमी केली. दान्ते त्याच्यावर आदामोचाच आरोप ठेवतो: याने नाणे खोटे केले आणि सेन नदीकाठी दुःख ओढवले. राजाने केले म्हणून त्याला 'धोरण' हे भारदस्त नाव मिळत नाही.

दान्तेची एक उणीवही सांगितली पाहिजे. जुन्या, लहान फ्लॉरेन्सच्या आठवणीत तो इतका रमतो, की नवा व्यापार म्हणजे सगळी कीडच, असे त्याला वाटते. (त्याची प्रिय बिआट्रिस म्हणून जी ओळखली जाते, ती स्वतः बार्डी या सावकारी घराण्यात दिली होती!) त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १३४६ मध्ये, बार्डींची पेढी बुडाली, इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने युद्धासाठी घेतलेली कर्जे न फेडणे हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे सावकारही राजाच्या शब्दाचा बळी होऊ शकतो. ही शक्यता दान्तेच्या नरकात कोठे दिसत नाही.

आज नाण्यात सोनेच उरलेले नाही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी परकीय सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले. प्रमुख चलने आता केवळ शब्दावर चालतात. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठविली. आक्रमकाचा हात धरणे आम्हांस न्याय्यच वाटते. परंतु ठेवीदाराला दिलेला शब्द आणि आक्रमकाला द्यावयाची शिक्षा, या दोहोंचा निवाडा येथे गोठविणाऱ्यांनीच केला. दान्तेचा गरुड अनेक आत्म्यांचा असूनही 'मी' असे एका आवाजात बोलतो. एकट्या राजाला, मग तो न्यायी का असेना, कवीने तो अधिकार दिलेला नाही.

आपण सज्जन माणसाला 'बंदा रुपया' म्हणतो. दान्तेचे तिसरे नाणे याच जातीचे आहे. चोविसाव्या सर्गात संत पेत्र त्याची श्रद्धेविषयी परीक्षा घेतो आणि सराफाच्या भाषेत विचारतो: या नाण्याचे हीण आणि वजन तर नीट पारखून झाले, पण ते तुझ्या पिशवीत आहे काय? दान्ते उत्तरतो, आहे. इतके झळझळीत आणि वाटोळे, की छापाविषयी मला शंकाच नाही. पेत्राचे समाधान एवढ्याने होत नाही. ते तुझ्याकडे आले कोठून, असे तो लगेच विचारतो.