संमतीचे शिक्षण आणि बौद्धिक दिव्यांग विद्यार्थी : शालेय आरोग्य अभ्यासक्रमाची चिकित्सा

प्रस्तावना :
आयुष्मान भारत योजनेअंतर्गत २०१८ मध्ये जाहीर झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अकरा विषयसूत्रांचे साहित्य सिद्ध केले. परस्परसंबंध, मानसिक स्वास्थ्य, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता हे विषय त्यात एकत्र आले. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमास महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केलेला विरोध आठवता ही वाटचाल स्वागतार्ह होय. तथापि, अशा अभ्यासक्रमामागील गृहीतके बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांना कितपत लागू पडतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
१९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मुलींना मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, हे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. जी गोष्ट शिकवायची होती, तिचे उत्तर शस्त्रक्रियेत शोधले गेले. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या संमतीविना तिचा गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० ने प्रजननविषयक माहिती उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आणि मुक्त व माहितीपूर्ण संमतीविना वंध्यत्व आणणाऱ्या प्रक्रियेस मनाई केली. कायद्याने संमती मागितली. परंतु ती देण्यास वा नाकारण्यास लागणारी समज शाळेत घडली नाही, तर हे कलम कागदावरच राहील.

गृहीतकांची चिकित्सा :
पहिले गृहीतक इयत्तेचे. इयत्ता, वय आणि आकलन एकाच गतीने पुढे जातात, असे त्यात मानले जाते. वस्तुतः पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीचे आकलन लहान मुलीसारखे असले तरी तिचे शरीर पंधरा वर्षांचेच असते. तिला लहान मूल समजून विषय टाळणे आणि इतरांबरोबर एकच तासिका देऊन मोकळे होणे, हे दोन्ही मार्ग तिला असुरक्षित ठेवतात.

दुसरे गृहीतक भाषेचे. आपल्याकडे शरीराविषयी आडवळणाने बोलण्याची रीत आहे. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’, ‘तिथे हात लावू नकोस’ यांतील सूचितार्थ ज्याला उमगत नाही, तो विद्यार्थी कावळाच शोधेल. अवयवांची नावेच ठाऊक नसतील, तर अत्याचार झाल्यास तो काय आणि कोणत्या शब्दांत सांगणार? लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. परंतु त्या माहितीचा आरंभ बहुधा बालकाच्या शब्दांतूनच होतो.

तिसरे गृहीतक सर्वांत नाजूक आहे. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या पाठात आपल्या शरीरावर आपला अधिकार असल्याची जाणीव गृहीत धरलेली असते. ज्या मुलाला रोज दुसऱ्याने अंघोळ घातली, कपडे चढविले, त्याच्या अनुभवात ही सीमारेषाच आखली गेलेली नसते. त्यात विशेष शिक्षणाचा बराचसा भर सांगितलेले ऐकण्यावर असतो. वर्षानुवर्षे आज्ञापालनासाठी शाबासकी मिळविलेल्या मुलाने संकटाच्या क्षणी एकाएकी नकार द्यावा, ही अपेक्षा अवाजवी ठरते.

अध्यापनाच्या दिशा :
यावरील उपाय खर्चिक नाहीत. अवयवांची शास्त्रीय नावे सरळ सांगावीत. खासगी आणि सार्वजनिक यांतील भेद शाळेतील प्रत्यक्ष जागा दाखवून शिकवावा. सॅनिटरी पॅडचा वापर टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष हाताळणीतून, पाळी येण्यापूर्वीच सरावात आणावा. मदतनीसाने स्पर्शापूर्वी विचारावे आणि मुलाच्या ‘नको’ला दैनंदिन लहानसहान बाबींत मान द्यावा; नकाराचे शिक्षण तेथूनच सुरू होते. हे एका तासिकेचे काम नसून पुनरावृत्तीचे आहे आणि त्यात पालकांचा सहभाग अपरिहार्य आहे.

समारोप :
शिकविल्याने मुलांचे कुतूहल चाळवेल, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे. पण शरीरातील बदल कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाहीत. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी हा विषय केवळ विशेष शिक्षकांवर न सोपविता सर्वच छात्राध्यापकांच्या पाठनियोजनात आणला पाहिजे. मौन हे संरक्षण नव्हे. शिरूरच्या मुलींना मौनाने वाचविले नाही.