उंबऱ्याआतली धर्मनिरपेक्षता

कुंडलला बोलायचं तर प्रतिसरकार टाळता येत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 नंतर न्यायनिवाडे केले, तसेच कमी खर्चाचे गांधी-विवाहही लावले. म्हणजे मूल्य थेट लग्नमांडवात आणलं.

आम्ही मात्र वर्गात 1976 च्या घटनादुरुस्तीतल्या ‘धर्मनिरपेक्ष’ शब्दाची चिकित्सा करत राहिलो. इथल्या डोंगरावर जैन तीर्थ आहे. शेजाऱ्याचा देव आम्हांला कधी खुपला नाही. पण घरात सोयरीक निघाली, तेव्हा आधी जात विचारली.

राज्याने सर्व धर्मांना समान वागवावं, ही अपेक्षा रास्तच. पण नागरिकाचा उंबरा त्यातून वगळणारी आमची मांडणी अपुरी होती, हे आता कबूल करायला हवं.